आधी घर की आधी धंदा? बहिणीच्या हार्लेममधल्या घराचा हिशेब

माझे व्हिडिओ बघणाऱ्यांना माझं एक वाक्य पाठ असेल. "आधी दुकान उभं करा, घर नंतर." पाच वर्षं मी हे घोकतोय. आज मी सांगणार आहे की एका ठिकाणी हे वाक्य चुकतं, आणि ते चुकीच्या जागी वापरल्यामुळे माझ्या दिवाळीच्या मालाचे पैसे जवळजवळ गेले होते.

माझी धाकटी बहीण नेदरलँड्सला असते. वय ३२, आयटीत नोकरी, सहा वर्षं झाली, कायमचा राहण्याचा परवाना मिळालाय. आम्स्टेल्फेनला भाड्याने राहायची. तिथे आपले लोक इतके आहेत की कोथिंबीर आणायला गेलं की चार ओळखीचे भेटतात. तिच्या डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक, नोकरी सोडून महाराष्ट्रीय जेवणाच्या ऑर्डरी घ्यायच्या: पुरणपोळी, मसालेभात, ऑफिसच्या पार्ट्या. दोन, हार्लेमच्या जुन्या गावठाणात छोटंसं घर घ्यायचं. हार्लेम म्हणजे ॲमस्टरडॅमपासून रेल्वेने पंधरा-वीस मिनिटं. मधोमध मोठा चौक, त्यात संत बाव्होचं प्रचंड चर्च, बाजूने स्पार्न नदी, आणि विटांची अरुंद, उंच, थोडी पुढे झुकलेली घरं. एकदा बघितलं की माणूस भाळतोच. तीही भाळली.

मला फोन आला. "दादा, आधी काय करू?"

मी ठोकून दिलं, "आधी धंदा. घराचं कर्ज डोक्यावर घेऊन कोणी धंदा करतं का?" आणि पुढच्याच वाक्यात, "पण घर मिळतंय तर सोडू नकोस. भाडं म्हणजे पाण्यात. नंतर पर्यटकांना भाड्याने दे, हप्ता निघेल." एका श्वासात तीन सल्ले, तिन्ही साताऱ्याच्या हिशेबाने, आणि तिन्ही तिथे चुकीचे. ट्रेनर माणसाचा हा रोगच असतो, उत्तर माहीत नसलं तरी तोंड थांबत नाही.

पहिल्या सल्ल्यापासून सुरू करू, कारण तुमच्यातल्या धंदा करू इच्छिणाऱ्यांसाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

तिथली बँक गृहकर्ज देताना तुमचं उत्पन्न बघते. कायम नोकरी असेल तर पगाराची पावती आणि मालकाचं एक पत्र पुरतं. पण तुम्ही स्वतःचा व्यवसाय करत असाल तर बँका साधारणपणे तीन वर्षांचे हिशेब मागतात आणि त्यांची सरासरी धरतात. एका वर्षाच्या हिशेबावर कर्ज देणाऱ्याही काही संस्था आहेत, पण रक्कम हात राखून. आता विचार करा. नवीन धंद्याची पहिली तीन वर्षं कशी असतात? पहिलं वर्ष तोटा, दुसरं बरोबरी, तिसऱ्या वर्षी कुठे चार पैसे. त्यांची सरासरी काढली तर कर्ज किती मिळणार? माझ्या बहिणीला पगारावर ३ लाख ७० हजार युरोपर्यंत कर्ज मिळत होतं. तिने माझं ऐकून नोकरी सोडली असती, तर पुढची तीन वर्षं ती त्या शहरात घर घेणारीच नव्हती. हेच आपल्याकडेही थोडंफार आहे बरं का. स्वतःचा धंदा असला की इथल्या बँकाही दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात. मी हे दुकानदार म्हणून भोगलंय आणि तरी तिला सांगताना विसरलो.

तेव्हा माझं आजचं मत असं: नोकरी पक्की असताना छोटं घर घ्या, त्यात स्थिरस्थावर व्हा, आणि मग धंद्याला हात घाला. पण यात एक चलाखी करायची नाही. मालकाच्या पत्रात नोकरी संपवण्याचा इरादा आहे का, याची एक ओळ असते. राजीनामा खिशात ठेवून ते पत्र घेणं म्हणजे बँकेला फसवणं. तसलं काही करणार असाल तर माझं नाव सांगू नका. हप्ता वेळेवर जात असेल तर पुढे कधी तुम्ही नोकरी बदलली, सोडली, म्हणून बँक दारात येऊन कर्ज परत मागत नाही. मात्र हप्ता असा हवा की सहा-आठ महिने एक ऑर्डर आली नाही तरी साठवणीतून जाईल.

आता घराकडे येतो. पहिलं घर नदीकाठच्या एका गल्लीत होतं. तिसरा मजला, ४४ चौरस मीटर, म्हणजे आपले पावणेपाचशे चौरस फूट. जिना इतका उभा की उतरताना पाठमोरं उतरावं लागतं. फर्निचर जिन्याने जातच नाही, घराच्या कपाळावर एक तुळई आणि आकडा असतो, त्याला दोर बांधून खिडकीतून वर ओढतात. शेकडो वर्षांपासूनची पद्धत. इमारतीत चार घरं, चार मालक. मागितलेली किंमत ३,६५,००० युरो. एका युरोला साधारण शंभर रुपये धरा, हिशेब सोपा पडतो.

तिथे जाहिरातीतली किंमत म्हणजे बोलीची सुरुवात. पंधरा-वीस मिनिटं घर बघायला मिळतं, मग अमुक वारी दुपारी बारापर्यंत बंद पाकिटात आकडा द्या. दुसऱ्यांनी किती लावलेत ते कळत नाही. दलाल म्हणाला, ३,९०,००० तरी लावावे लागतील.

आणि इथे गणित फिरतं. बँक जास्तीत जास्त घराच्या मूल्यांकनाइतकं कर्ज देते, शंभर टक्के. ऐकायला झकास. आपल्याकडे कर्जाच्या रकमेनुसार दहा ते पंचवीस टक्के तरी स्वतःचे घालावे लागतात. पण मूल्यांकनाच्या वरची बोली आणि खरेदीचा खर्च खिशातून. नोटरी, मूल्यांकन करणारा, कर्जाचा सल्लागार, खरेदीदाराचा दलाल, सगळं मिळून तिला नऊ हजार युरोच्या आसपास सांगितलं होतं. त्यात तिचं नशीब असं की ३५ वर्षांच्या आत पहिलं राहतं घर घेणाऱ्याला हस्तांतर कर माफ आहे, २०२५ साली घराची किंमत ५,२५,००० युरोपर्यंत असेल तर. नाहीतर राहत्या घरावर दोन टक्के, म्हणजे अजून ७,८०० गेले असते. कर्जाची मर्यादा ३,७०,०००, बोली ३,९०,०००. वीस हजारांची दरी, अधिक नऊ हजार खर्च. एकोणतीस हजार युरो. तिच्याकडे होते बारा.

उरलेले सतरा हजार युरो, म्हणजे सतरा लाख रुपये, मी द्यायचे ठरले. ऑगस्ट महिना होता. माझं भांड्यांचं दुकान आहे. धनत्रयोदशीच्या दोन-तीन दिवसांत माझा वर्षाचा बराचसा नफा होतो आणि त्याचा माल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरावा लागतो. ते पैसे मी बहिणीला पाठवायला निघालो होतो. बाबा म्हणाले, "पोरीचं घर होतंय, दिवाळी पुढच्या वर्षीही येईल." मी बँकेत गेलो तेव्हा कळलं की परदेशी पैसे पाठवताना वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस आधीच कापला जातो. शिक्षण, औषधोपचार यांचं वेगळं, पण हे त्यात बसत नाही. सात लाखांवर एक लाख चाळीस हजार! ते बुडत नाहीत, आपल्या कराशी वळते होतात किंवा रिटर्न भरल्यावर परत येतात. पण दुकानदाराला विचारा, ऑगस्टमध्ये अडकलेले दीड लाख आणि पुढच्या वर्षी सुटलेले दीड लाख एकच असतात का?

तुमच्यापैकी कितीतरी जण परदेशातल्या भावाबहिणीला असे पैसे पाठवता. प्रेमाने पाठवा, पण धंद्याच्या खेळत्या भांडवलातून पाठवू नका. मी पाठवणार होतो म्हणून सांगतोय. वाचलो ते माझ्या हुशारीने नाही, सोसायटीच्या कागदांमुळे.

तिथे इमारतीतल्या घरमालकांची संघटना असते, तिला व्हीव्हीई म्हणतात. आपली हाउसिंग सोसायटीच समजा. एक घर घेतलं की तुम्ही आपोआप तिचे सभासद. छप्पर, बाहेरच्या भिंती, पाया, जिना हे सगळं सामाईक. २०१८ पासून कायदा असा की दुरुस्तीसाठी दरवर्षी पैसे बाजूला काढलेच पाहिजेत: एकतर बहुवार्षिक देखभाल आराखड्याप्रमाणे, नाहीतर इमारत नव्याने बांधायच्या खर्चाच्या किमान अर्धा टक्का. कायदा आहे, पण तीन-चार घरांच्या छोट्या व्हीव्हीई कशा चालतात ते तुम्ही ओळखलंच असेल. बिल्डिंगमधलेच कोणीतरी वही ठेवतात, सभा वर्षातून एकदा चहावर.

बहिणीच्या दलालाने तीन वर्षांची इतिवृत्तं मागवली. तिला कामापुरतं डच येतं, रात्री बसून तिने ती वाचली. निधीत शिल्लक ५,८०० युरो, चार घरांत मिळून. देखभालीचा आराखडा नाही. २०२३ च्या सभेत एक ओळ: शेजारच्या भिंतीला तडा गेलाय, पायाची तपासणी करून घ्यावी. २०२४ च्या सभेत एक ओळ: तपासणी पुढे ढकलली.

बस. जाहिरातीत ३२ फोटो होते, त्यात ही ओळ नव्हती.

या ओळीचं वजन समजण्यासाठी तिथली जमीन समजून घ्यावी लागते. पश्चिम नेदरलँड्सची जमीन म्हणजे चिखल आणि दलदलीचा गाळ, खाली खोलवर वाळू. जुन्या काळी लाकडाचे लांब खांब त्या वाळूपर्यंत ठोकायचे आणि वर विटांचं घर. ॲमस्टरडॅमचा राजवाडा १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे, ही गोष्ट तिथलं शाळकरी पोरही सांगतं. लाकूड पाण्याखाली बुडालेलं असेल तर ते शतकानुशतकं टिकतं. पण जमिनीतली पाण्याची पातळी खाली गेली, खांबाची डोकी उघडी पडली, हवा लागली की बुरशी धरते आणि खांब कुजतो. काही ठिकाणी पाण्याखालीही जिवाणू लाकूड पोखरतात. हार्लेममध्ये तर घरागणिक वेगळं, काही घरं जुन्या वाळूच्या पट्ट्यावर थेट बांधलेली, काही खांबांवर. त्यामुळे "शेजाऱ्याचं ठीक आहे" यावर विसंबता येत नाही. पाया नव्याने करायचा तर एका इमारतीमागे लाख युरोचीही गोष्ट होऊ शकते आणि विमा सहसा ते देत नाही. चार मालकांत वाटलं तरी पंचवीस हजार. बहिणीने ३,९०,००० ला घर घेतलं असतं आणि दोन वर्षांनी पंचवीस लाख रुपयांची पावती हातात आली असती. त्यातही जुन्या घराच्या करारात एक कलम असतं, की घर इतकं जुनं आहे, नव्यासारखी अपेक्षा धरू नये, अशा अर्थाचं. त्यावर सही केली की पुढे विकणाऱ्याकडे बोट दाखवणं फार अवघड.

मंगळवारी बाराला बोलीची वेळ संपणार होती. सोमवारी रात्री तिने माघार घेतली. मला फोन करून रडली. बाबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, त्यांना वाटलं मी पैसे देणं टाळलं. घराघरात असं होतं, कागद कोणी वाचत नाही, चेहरे वाचतात.

आता माझा तिसरा सल्ला, भाड्याचा. हा मुद्दा लवकर उरकतो, कारण यात दम नाही. ॲमस्टरडॅममध्ये राहतं घर पर्यटकांना द्यायला आधी नोंदणी, परवाना, आणि २०२५ साली वर्षाला जास्तीत जास्त ३० रात्रींची मर्यादा होती. तीसुद्धा अजून कमी करण्याकडेच नगरपालिकेचा कल होता. २०२२ पासून शहरांना असा अधिकार मिळाला की ठरावीक भागात, ठरावीक किमतीपर्यंतचं घर घेणाऱ्याला पहिली चार वर्षं ते परवानगीशिवाय भाड्याने देता येणार नाही. जुलै २०२४ पासून भाड्याच्या कायद्यात मधल्या दर्जाची घरंही गुणांच्या तक्त्यात आली. क्षेत्रफळ, सोयी, ऊर्जेचा दर्जा यांना गुण, गुणांवर कमाल भाडं. छोट्या घराला गुण कमी, भाडं कमी. म्हणून तर कितीतरी जुन्या घरमालकांनी आपली छोटी घरं विकायला काढली, आणि बहिणीसारख्यांना बाजारात अशी घरं दिसू लागली. ज्या धंद्यातून जाणते लोक बाहेर पडतायत त्यात आपण साताऱ्याहून भाऊ-बहिणीच्या पैशाने शिरायचं? "परदेशात एक फ्लॅट घेऊन टाकू सर, भाडं येत राहील" असं मला विचारणाऱ्या सगळ्यांना हेच उत्तर. तिथे स्वतः राहणार नसाल तर हस्तांतर करही दोन टक्क्यांच्या कितीतरी पट लागतो.

मग राहण्यासाठी परवडतं का? दुसऱ्या घराचे आकडे देतो, म्हणजे तुम्हीच ठरवा.

सप्टेंबरात तिला दुसरं घर दिसलं. गावठाणातच, पण नदी दिसत नाही. बाजूच्या गल्लीत, खाली दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर ३९ चौरस मीटर. त्यातही तिने एक गोष्ट विचारली ती मला फार आवडली: उतरत्या छपराखालची जागा मोजलीय का? तिथल्या मोजमापात दीड मीटरपेक्षा कमी उंचीची जागा राहण्याच्या क्षेत्रफळात धरत नाहीत. ती धरलेली नव्हती. व्हीव्हीईत सहा सभासद, निधीत ४१,००० युरो, आराखडा तयार, आणि पाया पूर्वीच बदलून घेतल्याचा दाखला फाइलमध्ये. महिना वर्गणी १६५ युरो. पहिल्या घरात ती ६० होती. आपण काय करतो? ६० बघून खूश होतो.

तिने ३,६४,००० लावले. दोन अटींसह: कर्ज मंजूर झालं नाही तर व्यवहार रद्द, आणि इमारतीच्या तपासणीत ठरावीक रकमेच्या वर दोष निघाले तर रद्द. बरेच जण बोली जिंकण्यासाठी या अटी सोडून देतात. दलालानेही सुचवून पाहिलं. ती नाही म्हणाली. घर मिळालं! करारावर सही झाल्यावर खरेदीदाराला तीन दिवस विचार बदलायला मिळतात, काही कारण न देता. आपल्याकडे गाळ्याचं टोकन दिल्यावर अशी सोय असती तर माझा एक शेजारी दुकानदार आज सुखात असता.

कर्ज ३,६४,०००, व्याज ३.९ टक्के, मुदत ३० वर्षं. हप्ता महिना १,७१७ युरो. सुरुवातीला त्यात १,१८३ व्याज आणि ५३४ मुद्दल. राहत्या घराच्या व्याजावर करात सवलत मिळते, साधारण ३७ टक्के दराने, आणि घराच्या मूल्यावरचं थोडं काल्पनिक उत्पन्न त्यातून वजा होतं. महिन्याला चारशेच्या आसपास परत येतात. म्हणजे हातचे १,३१७, अधिक वर्गणी १६५. १,४८२. आम्स्टेल्फेनचं भाडं होतं १,४५०. जवळपास तेवढेच जातात, पण त्यातले पाचशेचौतीस तिच्याच घरात जातात. "भाडं म्हणजे पाण्यात" हे माझं वाक्य इतपतच खरं. बाकी अकराशेच्या वर व्याज आहे, ते बँकेच्या पाण्यात जातं, हे विसरू नका. आणि घर तीन वर्षांत विकावं लागलं तर खरेदीचा नऊ हजारांचा खर्च आणि विकण्याची दलाली यातलं बरंचसं खाऊन टाकतात. पाचेक वर्षं त्या गावात राहायची खात्री नसेल तर भाड्याने राहणं यात काही कमीपणा नाही. माझं मत आहे, पटत नसेल तर खाली लिहा.

राष्ट्रीय गृहकर्ज हमी म्हणून एक योजना आहे, एनएचजी. २०२५ साली ४,५०,००० युरोपर्यंतच्या घराला मिळायची. एकदाच ०.४ टक्का शुल्क भरा, व्याजदर थोडा कमी मिळतो, आणि नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला आणि घर तोट्यात विकावं लागलं तर उरलेल्या कर्जाचा भार हलका होऊ शकतो. धंदा करू इच्छिणाऱ्यांनी नीट वाचा: नोकरी "गेली" तर. स्वतःहून सोडली तर ती हमी तुमच्यासाठी धावून येईल असं धरू नका.

आणि एक कागद, जो दलालानेही आपणहून दाखवला नव्हता. इमारत घरांमध्ये विभागताना जो दस्त होतो त्यात प्रत्येक घराचा वापर कशासाठी, ते लिहिलेलं असतं. बहिणीच्या दस्तात "राहण्यासाठी" लिहिलंय. म्हणजे त्या सुंदर ३९ मीटरमध्ये शंभर पुरणपोळ्यांची ऑर्डर तळायची-भाजायची नाही. शेजाऱ्याने तक्रार केली तर व्हीव्हीई तिला थांबवू शकते. हे तिला आधी कळलं म्हणून बरं. नाहीतर तिच्या योजनेत स्वयंपाकघराचं भाडं शून्य धरलेलं होतं. आता तिने बाहेर एक व्यावसायिक स्वयंपाकघर तासावर बघितलंय, आणि योजनेत त्याचा खर्च घातल्यावर एका ताटाचा भाव तिला दोन युरोंनी वाढवावा लागला.

नोव्हेंबरमध्ये नोटरीकडे दस्त झाला. तिथला नोटरी म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर शिक्का मारणारा नव्हे. तो दोन्ही बाजूंचा, पैसे त्याच्या खात्यातून फिरतात, दस्त समजावून सांगतो, आणि डच पुरेसं येत नसेल तर दुभाषी लागतो. तिने दुभाषी घेतला. "कामापुरतं येतं" आणि "तीस वर्षांच्या कर्जापुरतं येतं" यात फरक आहे, म्हणाली.

माझ्याकडून तिला एक रुपया लागला नाही. धनत्रयोदशीला माझा माल भरलेला होता आणि विकला गेला. बाबा आता सगळ्यांना घराचे फोटो दाखवतात, आकड्याला दोर बांधून सोफा खिडकीतून वर चाललाय तो तर पन्नास जणांना दाखवून झाला.

नोकरी तिने सोडलेली नाही. जानेवारीत व्यवसायाची नोंदणी करणार आहे, शनिवार-रविवारच्या ऑर्डरी घेणार आहे, आणि आठ महिन्यांचे हप्ते बाजूला पडल्यावर पुढचं बघणार आहे. परवा फोनवर म्हणाली, "दादा, वीस लिटरचं पातेलं पाठव." मी म्हटलं, त्या जिन्यातून जाईल का? म्हणाली, ते भाड्याच्या स्वयंपाकघरात ठेवायचंय, पण तिथे सगळं इंडक्शन आहे, ॲल्युमिनियमचं चालणार नाही. माझ्याकडे तळाला लोहचुंबक चिकटेल असं वीस लिटरचं स्टीलचं पातेलं नाही. कोल्हापूरच्या होलसेलवाल्याला फोन लावलाय.